रेल्वेच्या डब्यात एक अनोळखी माणूस भेटला आणि टिळकांचं आयुष्यच बदललं

शाळेत असताना 'केवढे हे क्रौर्य' ही कविता तुम्ही वाचली असेल. बाण लागलेली पक्षीण, घरट्यात वाट पाहणारी पिल्लं आणि वर्गात अचानक पसरलेली शांतता. कवितेखाली कवीचं नाव असायचं, ना. वा. टिळक.

अनेकांना वाटतं, हे लोकमान्यांच्या घरातलेच कोणीतरी असावेत. तसं नाही. नारायण वामन टिळकही कोकणातले, चित्पावन ब्राह्मण आणि लोकमान्यांपेक्षा पाचच वर्षांनी लहान. पण या टिळकांच्या नावाआधी एक वेगळी पदवी लागते, रेव्हरंड.

म्हणजे चर्चचे पाळक.

संस्कृतात मुरलेला, कीर्तन-प्रवचनं करणारा, हिंदू धर्मावर मासिक चालवणारा हा माणूस पाळक कसा झाला? तोही वयाच्या ४२व्या वर्षी? आणि पाळक होऊन १३ वर्षं झाल्यावर, ५५व्या वर्षी, मिशनचा पगार सोडून संन्यासी का झाला?

या गोष्टीची एक बाजू टिळकांची आहे, तर दुसरी त्यांच्या पत्नीची, लक्ष्मीबाईंची. ती सोडली तर गोष्ट अर्धीच राहते.

एका जागी न टिकणारा माणूस

नारायणाचा जन्म ६ डिसेंबर १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील सरकारी नोकरीत, स्वभावाने तापट. आई जानकीबाई मायाळू, कवितेची आवड असलेली. मुलाला कवितेचा नाद लागला तो आईकडून. पण आई लवकर गेली आणि त्यानंतर नारायणाचं मन घरात रमलं नाही. तो नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला, थोडं इंग्रजीही शिकला. रीतसर पदवी मात्र मिळाली नाही.

१८८०च्या सुमारास लग्न झालं. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची. माहेरचं नाव मनकर्णिका, सासरचं लक्ष्मी. ती तेव्हा ११-१२ वर्षांची होती. तिच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक की घरातली माणसं त्यापायी मेटाकुटीला यायची. लक्ष्मीबाई त्या सोवळ्यातच वाढल्या. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

लग्नानंतर टिळकांचा संसार म्हणजे बिऱ्हाड पाठीवर. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी. कधी कीर्तन, कधी प्रवचन, कधी मासिकाचं संपादन. वाद जिंकायचे, सभा गाजवायच्या, लोक खूश व्हायचे. पण खिशात पैसा टिकायचा नाही. कुणी गरजू दिसला की हातातलं असेल ते त्याला द्यायचं आणि मग घरी काय शिजवायचं हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी सोडवायचा. कधी लहर लागली की स्वारी न सांगता घराबाहेर पडायची आणि कितीतरी दिवस पत्ता नसायचा.

आजच्या भाषेत सांगायचं तर तिशी आली तरी करिअर लागलेलं नव्हतं. पण प्रश्न फक्त नोकरीचा नव्हता. टिळकांच्या डोक्यात एक गोष्ट घर करून बसली होती. हा देश मागे का पडला? इथला माणूस माणसाला शिवत का नाही? त्यांना वाटायचं, याचं उत्तर धर्मातच शोधलं पाहिजे. त्यांनी 'ऋषी' नावाचं मासिक काढून हिंदू धर्माची चर्चा चालवली. पुढे तर स्वतःच एखादा नवा धर्म मांडावा, असंही त्यांच्या मनात घोळू लागलं.

नागपूरहून सुटलेली गाडी

१८९१च्या सुमारास टिळक विदर्भात आले. नागपूरचे धनिक आप्पासाहेब बुटी यांच्याकडे त्यांना संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं. विद्वानांची ऊठबस, घरात स्थैर्य, लक्ष्मीबाईंना जरा श्वास घ्यायला मिळाला. तिथून पुढे राजनांदगाव संस्थानात नोकरी लागली. राजनांदगाव आज छत्तीसगडमध्ये आहे, तेव्हा ते मध्य प्रांतातलं एक छोटं संस्थान होतं.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक युरोपियन माणूस आधीच बसलेला होता.

त्या काळात गोऱ्या माणसाच्या डब्यात शिरायचं म्हणजे अपमानाची तयारी ठेवूनच. पण या माणसाने सरकून जागा दिली. बोलणं सुरू झालं, ते संस्कृत काव्यावरून. मग धर्मावर आलं. तो माणूस शांतपणे ऐकत होता आणि तितक्याच शांतपणे आपलं सांगत होता. उतरताना त्याने टिळकांना बायबलमधला नवा करार भेट दिला, मनापासून वाचायला सांगितलं आणि एक भाकीतही केलं. हे पुस्तक प्रामाणिकपणे वाचलं, तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल.

टिळकांना तेव्हा ते पटलं नाही. पण शब्द दिला होता म्हणून त्यांनी पेन्सिलीने खुणा करत वाचायला घेतलं. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचं डोंगरावरचं प्रवचन आहे. शत्रूवर प्रेम करा, नम्र माणसं धन्य होत, असं सांगणारं. तिथे टिळक अडकले, ते अडकलेच. ज्या प्रश्नांनी त्यांना वर्षानुवर्षं झोपू दिलं नव्हतं, त्यांची उत्तरं त्यांना तिथे दिसायला लागली.

गंमत म्हणजे तो माणूस कोण होता, हे टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही. दोघांनी एकमेकांना नावंही विचारली नव्हती.

३३व्या वर्षी बाप्तिस्मा, तोही स्वतःच्या अटीवर

वाचन वाढलं तशी चलबिचल वाढली. टिळकांनी मुंबईतल्या मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू केला. 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकात नाव न देता लिहायला लागले. हे बाहेर फुटलं, तेव्हा राजनांदगावात राहणं कठीण झालं. नोकरी गेली, ओळखीच्या लोकांनी तोंड फिरवलं.

१० फेब्रुवारी १८९५ या दिवशी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. रेल्वेतलं भाकीत जवळपास खरं ठरलं होतं.

इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे. मिशन अमेरिकन, पैसा अमेरिकन, मोठे अधिकारी गोरे. तरीही टिळकांना बाप्तिस्मा दिला तो तुकाराम नथोजी या भारतीय पाळकांनी. आपण परक्यांच्या गोटात जातोय असं टिळकांना वाटतच नव्हतं, आणि तसं दिसावं हेही त्यांना नको होतं. धर्म बदलला, पण देश, भाषा आणि माणसं बदलली नाहीत, हे ते आयुष्यभर सांगत राहिले.

पण घरी काय झालं?

किंमत कुणी मोजली?

बाप्तिस्म्याची बातमी लक्ष्मीबाईंवर वीज पडावी तशी कोसळली. वय २६-२७, पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी मेल्यासारखाच. म्हणजे ना सधवा, ना विधवा. माहेरच्या नि सासरच्या नातेवाइकांनी आसरा दिला, काही काळ त्या पंढरपुरातही राहिल्या. पण दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या दयेवर. लोकांचे टोमणे ऐकायचे, नवरा मुलाला घेऊन जाईल या धास्तीत राहायचं. दुःखाने त्या खंगल्या, आजारी पडल्या. कविता त्यांनी याच काळात लिहायला घेतली.

टिळक पत्रं लिहीत राहिले, भेटायला येत राहिले. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही आणि बायकोवर धर्म बदलण्याची सक्तीही केली नाही. पण हेही खरं, की निर्णय घेताना त्यांनी तिला बरोबर घेतलं नव्हतं. पाचारण त्यांना आलं होतं, आणि त्याची किंमत आधी लक्ष्मीबाईंनी मोजली.

ही ताटातूट जवळपास पाच वर्षं चालली. शेवटी लक्ष्मीबाई अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळकांकडे आल्या. पण धर्म सोडून नाही. आपलं सोवळं, आपलं पाणी, आपली चूल वेगळी ठेवून. एकाच नवरा-बायकोचे दोन धर्म, दोन स्वयंपाक. टिळकांनी ते मान्य केलं.

मग जे झालं ते कुणाच्या उपदेशाने झालं नाही. लक्ष्मीबाई स्वतःच विचार करत होत्या. देवाने माणूस केला, बाई केली आणि पुरुष केला. मग ही उतरंड कुणी केली? जाती देवाने केल्या की माणसांनी? एके दिवशी त्यांनी ठरवलं, आजपासून कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं. सोवळ्याच्या धाकात वाढलेल्या बाईसाठी ही उडी नवऱ्याच्या बाप्तिस्म्यापेक्षा लहान नव्हती. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागोमाग नव्हे, स्वतःच्या वाटेने आणि स्वतःच्या वेळेला.

४२व्या वर्षी पाळकपद

आता मुख्य मुद्दा. ख्रिस्ती होणं वेगळं आणि पाळक होणं वेगळं.

पाळक म्हणजे मंडळी सांभाळणारा माणूस. रविवारी उपासना घ्यायची, बाप्तिस्मा द्यायचा, लग्नं लावायची, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, मयताच्या घरी जायचं. ख्रिस्ती परंपरेत या कामासाठी देवाने बोलावणं पाठवावं लागतं असं मानतात, त्यालाच पाचारण म्हणतात. पण नुसतं पाचारण पुरत नाही. शास्त्र शिकावं लागतं आणि मग मंडळी रीतसर दीक्षा देते. त्यासाठी सेमिनरी असतात. विदर्भातलं उदाहरण द्यायचं तर यवतमाळला १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. देशाच्या वेगवेगळ्या भागांतले विद्यार्थी पाळक होण्यासाठी ३० वर्षं यवतमाळात येऊन शिकत होते. १९८३ मध्ये ती पुण्याला हलली.

टिळकांच्या काळी हे केंद्र होतं अहमदनगर. अमेरिकन मराठी मिशनच्या तिथल्या सेमिनरीत टिळक शिकवायला लागले. बायबलचे अभ्यासक होते, वक्ते होते, कवी होते. तरीही पाळकपदाची दीक्षा मिळाली ती १९०४ मध्ये, बाप्तिस्म्यानंतर नऊ वर्षांनी. तेव्हा टिळक ४२ वर्षांचे होते.

उशिरा आलेल्या माणसाकडे एक गोष्ट असते, ती म्हणजे आधीचं आयुष्य. टिळकांनी ते फेकून दिलं नाही, उलट वापरलं. आईकडून आलेली कविता, नाशिकला मिळवलेलं संस्कृत, गावोगाव केलेली कीर्तनं, सगळं या कामात आलं.

तोवर मराठी चर्चमध्ये इंग्रजी चालीवर बेतलेली, भाषांतरासारखी वाटणारी गीतं बरीच होती. खेड्यातला शेतकरी ती गाणार कशी? टिळकांनी अभंग घेतला, ओवी घेतली, भजनाची चाल घेतली आणि त्यातून ख्रिस्ताची भक्ती मांडली. कीर्तनात उभं राहून येशूची कथा सांगितली. तुकोबांवर त्यांचं जिवापाड प्रेम होतं. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं ते मानायचे. आज मराठी चर्चमध्ये टाळ-मृदंगावर भजन ऐकू येतं, त्यामागे टिळकांचा मोठा वाटा आहे. त्यांची कितीतरी गीतं मराठी मंडळ्यांमध्ये अजूनही गायली जातात.

आणि घर? ते तर धर्मशाळाच झालं होतं. अनाथ पोरं, शिकायला आलेली मुलं, वाट चुकलेले कवी, सगळे टिळकांच्या घरी. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन झालं. तिथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या १७ वर्षांच्या मुलाने सगळ्यांना थक्क केलं आणि त्याला 'बालकवी' हे नाव मिळालं. या मुलाला टिळक आपल्या घरी नगरला घेऊन आले, आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. नगरला प्लेग पसरला तेव्हा लक्ष्मीबाई प्लेगच्या कॅम्पात आजाऱ्यांची शुश्रूषा करत होत्या. ज्या बाईचं बालपण शिवाशिव टाळण्यात गेलं, ती आता प्लेगच्या रोग्यांना हात लावत होती. दीक्षा मिळाली होती एकाला, पण काम दोघं करत होते.

५५व्या वर्षी पुन्हा घर आवरलं

सगळं स्थिरस्थावर झालं होतं. पाळकपद, मान, कवी म्हणून नाव, 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचं संपादन. 'ख्रिस्तायन' हे येशूच्या चरित्रावरचं महाकाव्यही लिहायला घेतलं होतं. कुणीही म्हणेल, आता निवांत बसावं.

पण टिळकांना एक गोष्ट टोचत होती. आपण येशूबद्दल बोलतो, पण पगार घेतो परदेशी मिशनचा. लोकांच्या नजरेत आपण कोण? गोऱ्या साहेबांचे नोकर. या मातीतल्या माणसाला धर्म सांगणारा ओळखू येतो तो त्याच्या त्यागावरून. तुकोबांना कुणी पगार देत नव्हतं. मग आपण नोकरदार उपदेशक का राहायचं?

दुसरी अडचण त्याहून अवघड होती. टिळकांना अशी अनेक माणसं भेटत होती ज्यांना येशू आवडत होता, त्याची शिकवण पटत होती, पण बाप्तिस्मा घेऊन आपल्या घरादारापासून, जातीपासून तुटायची त्यांची तयारी नव्हती. चर्चच्या हिशेबात ही माणसं बाहेरची. टिळकांना हे कसं पटणार? घर तुटणं म्हणजे काय, हे त्यांनी आपल्या बायकोच्या डोळ्यांत पाहिलं होतं.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. दोन दशकांहून जास्त काळची. संन्यास घेतला आणि साताऱ्याला येऊन 'देवाचा दरबार' नावाचं काम सुरू केलं. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. ख्रिस्ताला गुरू मानणारा कुणीही भाऊ, कुणीही बहीण.

हा संन्यास बायको सोडून जंगलात जाण्याचा नव्हता. या वेळी लक्ष्मीबाई बरोबर होत्या. १८९५ आणि १९१७ यांच्यात हाच मोठा फरक आहे. पहिल्या वेळी टिळक एकटे निघाले आणि मागे एक बाई एकटी पडली. दुसऱ्या वेळी महिन्याचा पगार जाणार हे माहीत असूनही ती सोबत चालली.

सगळ्यांना हे आवडलं असं नाही. चर्चमधल्या काहींना वाटलं, बाप्तिस्म्याशिवाय शिष्य कसले? बाहेरच्यांना वाटलं, धर्मांतराची ही नवी युक्ती. टिळक दोन्हीकडून टीका झेलत राहिले.

पण हाताशी वेळ फार नव्हता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचं निधन झालं. वय ५७. संन्यास घेऊन दोन वर्षंही झाली नव्हती. दरबाराचं काम त्यांच्यानंतर त्या जोमाने चाललं नाही. 'ख्रिस्तायन'ही अर्धवटच राहिलं.

मग पुढे काय झालं?

अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वाला नेलं. ज्यांना शाळा माहीत नव्हती, अक्षरओळख नवऱ्यामुळे झाली, त्या बाईने महाकाव्याचे बहुतेक अध्याय लिहिले.

त्याआधी आणखी एक गोष्ट घडली. मुलगा देवदत्त, म्हणजे तोच छोटा दत्तू, वडिलांचं चरित्र लिहिण्यासाठी आईला आठवणी लिहायला सांगत होता. त्या आठवणींतून तयार झालं 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून ते भागाभागांनी प्रसिद्ध झालं आणि आज मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत त्याचं नाव घेतलं जातं. पुढे विजया मेहतांनी त्यावर चित्रपट केला, त्यात सुहास जोशींनी लक्ष्मीबाई रंगवल्या.

त्या पुस्तकात टिळक देवमाणूस म्हणून येत नाहीत. विसराळू, तापट, पैशाच्या बाबतीत बेभरवशाचे, न सांगता निघून जाणारे, आणि तरीही कुणाचं दुःख पाहवत नाही असे, म्हणजे जसे होते तसे येतात. लक्ष्मीबाई त्यांच्यावर रागावतात, हसतात आणि अपार प्रेम करतात. एखाद्या धर्मगुरूचं इतकं खरं चित्र क्वचितच कुणी काढलं असेल, आणि ते काढलं त्यांच्या बायकोने.

आपल्याकडे आयुष्यात काय करायचं हे पंचविशीच्या आत ठरलं पाहिजे, असा एक दबाव असतो. टिळकांना ३३व्या वर्षी श्रद्धा सापडली, ४२व्या वर्षी काम सापडलं आणि ते काम कसं करायचं हे कळायला ५५वं वर्ष उजाडलं. म्हणून उशीर झाला असं वाटत असेल, तर त्यांची गोष्ट धीर देणारी आहे.

पण ती वाचताना १८९५ सालची लक्ष्मीबाईही आठवावी. पोटाशी मूल धरून नातेवाइकांच्या दारात उभी असलेली. आपल्याला आलेल्या हाकेची किंमत घरातलं कोण मोजतंय, हे टिळकांना पहिल्यांदा दिसलं नव्हतं. पुढच्या २२ वर्षांत ते दिसलं, म्हणूनच घर न सोडताही ज्यात येता येईल असा दरबार त्यांनी उभा केला.